लाखातली एक वात

लाख हा आकडा मला लहानपणापासून आवडतो. दोन, चार, पाच, आठ, दहा, पंचवीस, सगळ्यांत तो सारखा वाटला जातो. तीन, सहा, सात, नऊ यांच्याशी मात्र त्याचं मुळीच पटत नाही. हे मला ठाऊक, कारण दर्यापूरला आमच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरायची आणि मी आत भाकरी थापता थापता सगळं पाठ करायची.

लग्न होऊन मी अकोल्याच्या वाटेवरच्या गावी आले, त्याच वर्षी माझा नवरा तापानं अगदी जायला टेकला होता. तो उठला, तेव्हा सासूबाईंनी लाख वातींचा नवस फेडायला घेतला. नऊ सवाष्णी बसवल्या. मला नाही.

"तुयी वात हाये का चऱ्हाट?" त्या म्हणाल्या. नवरा माझा, आणि त्याच्या नवसात माझी एक वात नाही! मी आतल्या आत धुमसत होते.

मामंजींनी वाटणी सांगितली, प्रत्येकीला अकरा हजार एकशे अकरा. पाच एक्के ऐकून सगळ्या खूष.

"मामी," मी सासूबाईंना म्हटलं, "लाखाच्या अंकांची बेरीज एक येते. नवात वाटलं तं एक उरते. दहा जणी बसवा."

"देवाचा आकडा हाये तो. तू गप राय."

मी भाकरी थापायला आत गेले.

माघी पौर्णिमेला सकाळी शंभर-शंभरांच्या जुड्या बांधल्या. प्रत्येकीच्या एकशे अकरा जुड्या आणि वर सुट्या अकरा. त्या सुट्यांची शेवटची जुडी बांधायला घेतली, तर नव्व्याण्णवच! सासूबाईंचा चेहरा उतरला. मोजून दिलेला कापूस संपला होता. घरात तर बोंडही नव्हतं, कारण त्या वर्षी कापसाला असा भाव आला होता, की मामंजींनी गाद्यासुद्धा उसवून विकल्या होत्या आणि स्वतः घोंगडीवर निजत होते. आता ते खांबाकडे बघत उभे राहिले. शेजारीपाजारीही कापसाची तीच गत.

"नवस मोडला वं माया," सासूबाई रडू लागल्या. माझा राग तिथंच विरघळला.

मी पदर खोचला आणि गाडीवाटेवर धावले. कापसाच्या गाड्या बाभळींना घासून जायच्या, काट्यांना पुंजके अडकायचे. एक ओढून काढला, बोट रक्ताळलं. घरी येऊन सरकी काढली आणि पुंजका त्यांच्यापुढे धरला.

"तूच वळ," त्या म्हणाल्या.

मी वळली, तर वात नेहमीपेक्षाही जाड झाली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि जुडीत घालून वर दोरा बांधला.

"दहा जणीत वाटला असता तं किती उरलं असतं?"

"काहीच नाही, मामी. दहा-दहा हजार."

"मंग आधी काहून नाही बोलली?"

मला हसू फुटलं. मग मामंजींना, आणि शेवटी डोळे पुसत पुसत सासूबाईंनाही. देवळात जाताना ती जुडी त्यांनी माझ्याच हाती दिली.