पाहुणी बाटली

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. नाव मुकादमाने ठेवलं होतं आणि तिला ते मनातून आवडायचं. पांढऱ्या दिव्याच्या पेटीसमोर उंच स्टुलावर बसायचं आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघायच्या, एवढंच तिचं काम. गळ्याशी केसाएवढी चीर किंवा बुडाशी मोहरीएवढा बुडबुडा दिसला की ती बाटली उचलून बाजूच्या पिंपात. एकोणीस वर्षं ती हे करत होती.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर खरी वाटत नाही. बाटल्या चांगल्या निघायला लागल्या की तपासणी बिघडते. बराच वेळ एकही खोट दिसली नाही की डोळा आधीच ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो, आणि मग फुटकी बाटली नाकासमोरून गेली तरी ती त्याला धडधाकट दिसते. म्हणून मुकादम दर पाळीला गुपचूप चार-पाच खोट असलेल्या बाटल्या पट्ट्यावर सोडायचा. ओळखीसाठी बुडाला निळा ठिपका लावलेल्या. बायका त्यांना पाहुण्या म्हणत. पाळी संपली की मुकादम विचारायचा, “काय घारबाई, किती पाहुण्या आल्या?” घार आकडा सांगायची आणि तो कधी चुकायचा नाही.

घरी नवरा होता. तो बत्तीस वर्षं पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या यंत्रावर राबून अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. मुळातच कमी बोलणारा माणूस. आता भांडी घासायचा, दूध तापवायचा, वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा. शेजारणी म्हणत, “नशीब काढलंस बाई. आमच्याकडचं रत्न बसल्या जागेवरून हुकूम सोडतं.”

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची मुलगी आठ महिन्यांची. बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती, सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं होतं, आणि दिवसभर नातीला आजोबांनी सांभाळायचं असं ठरलं होतं. ठरलं त्या दिवसापासून त्याचा नूरच पालटला. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना त्याने चिंध्या बांधल्या, नखं कापली, नातीची वाटी-चमचा उकळून फडक्याखाली झाकून ठेवला. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे काही मागितलं होतं.

गुरुवारी कारखान्याची भट्टी बिघडली आणि दुपारी दोनलाच सगळ्यांना सोडलं. घार जिना चढायला लागली तेव्हाच तिला नातीचं रडणं ऐकू आलं. साधी कुरकुर नव्हे, श्वास अडकून अडकून येणारं रडणं. मुलगी ऑफिसात कागद द्यायला गेली होती आणि दोन तास बाळ आजोबांकडे ठेवलं होतं, सोमवारची रंगीत तालीम म्हणून.

तिने किल्लीने दार उघडलं. नवरा दाराकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, त्याच्यापासून पाच पावलांवर. आत पोर जिवाच्या आकांताने रडत होतं आणि त्याने शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटलं.

घारीचे पाय उंबऱ्यातच खिळले. तिला पहिल्यांदा रागही आला नाही. हा माणूस कोण आहे, असंच तिला वाटलं. मुंगी चिरडली तर हळहळणारा माणूस. ती तशीच धावत आत गेली आणि पोरीला छातीशी धरलं. पोरीचा चेहरा लालभडक झाला होता, उशी ओली झाली होती. ती बाहेर आली तेव्हा नवऱ्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा फुलला.

“तू आज लवकर? आणि ही कधी उठली? काय छान झोपली होती गं. जरा म्हणून आवाज नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. एकोणीस वर्षं काच बघितलेल्या बाईला तेवढं कळत होतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत होती. मागे नवरा टेबल पुसत होता. रोज या वेळी ती विचारायची, “दार लावलंत का?” आज तिने त्याच सुरात, मान न वळवता म्हटलं, “छपरावर हत्ती चढलाय.”

“लावलं,” नवरा म्हणाला. “कडीही घातली.”

तिच्या हातातलं भांडं निसटून मोरीत पडलं. मोठा आवाज झाला. मागे फडकं तसंच फिरत राहिलं.

शुक्रवारी सकाळी, दूध आलं का हे विचारायच्या वेळी, तिने पाठमोरी राहून म्हटलं, “उद्यापासून कारखाना माझ्या नावावर.” उत्तर आलं, “आलंय, तापवून ठेवलंय.” संध्याकाळी दारात चपला काढताना, ‘जेवलात का दुपारी’च्या जागी, खाली मान घालून ती म्हणाली, “अहो, मला फार भीती वाटतेय.”

“जेवलो,” तो म्हणाला. “भाजीला मीठ जरा कमी होतं.”

तीन पाहुण्या सोडल्या होत्या. तिन्ही त्याच्यासमोरून निघून गेल्या.

पण त्या रात्री तिला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. टीव्ही त्याने बंद करून टाकला होता, ‘डोकं उठतं’ म्हणून. भावाला फोन करणं सोडलं होतं. मुलीचा फोन आला की ‘आईशी बोल’ म्हणून तो फोन हिच्या हातात द्यायचा. रस्त्याने चालताना कायम तिच्या डाव्या बाजूला. एकेक गोष्ट समोरून सरकत गेली होती, केसाएवढी चीर नव्हे, भगदाडं पडलेली. आणि घारीने प्रत्येकीला ‘ठीक आहे’ म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली. तोंड स्पष्ट उघडून म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही.”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने कप खाली ठेवला.

“उजव्या कानात थोडं येतं,” तो म्हणाला. “डाव्यात काहीच नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील. आधीपासून कमीच होत होतं. त्या यंत्रासमोर कुणाचं राहिलंय?”

“दोन वर्षं? आणि माझ्याशी बोलत होतात ते?”

तो ओशाळून हसला. “अगं, तुझी बारा वाक्यं आहेत. चपला काढल्या की ‘जेवलात का’. पिशवी टेकवली की ‘पाणी आलं होतं का’. भांडी विसळताना ‘दार लावलंत का’. घड्याळ बघितलं की कुठलं ते कळतं. मी मोजलीत, बाराच आहेत. दोन वर्षांत तू तेरावं वाक्य बोलली असतीस तर मी पहिल्याच दिवशी पकडला गेलो असतो.”

कुणी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. तो टोमणा मारत नव्हता, हेच जास्त लागलं. ती म्हणाली, “परवा बोलले. छपरावर हत्ती चढलाय म्हणाले.”

“मग मी काय म्हणालो?”

“दार लावलं म्हणालात.”

त्याला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि मग तिने त्याला गुरुवारची दुपार सांगितली. पोर किती रडत होतं, उशी कशी ओली झाली होती, त्याने पान कसं उलटलं. त्याचं हसू जागच्या जागी विझलं. त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पाच पावलं.

“मी तिला मांडीवरून खाली ठेवणारच नाही,” तो म्हणाला. “सोमवारपासून. तू पोरीला सांगू नकोस. ती बाळाला माझ्याकडे ठेवायची नाही मग.”

“मी नाही सांगणार,” घार म्हणाली. “तुम्ही सांगणार.”

रविवारी मुलगी आली. त्याने सांगितलं, उभं राहून, शाळेत गृहपाठ न केल्याची कबुली द्यावी तसं. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने बाळाला आईकडून आपल्याकडे घेतलं आणि घट्ट धरलं. आजोबांनी ते बघितलं. ते बघण्यासाठी कान लागत नाहीत.

“बाबा, तुम्ही मला आपलं ‘आईशी बोल’ म्हणायचात,” ती म्हणाली, “मला वाटायचं, मी लग्न करून गेल्याचा तुम्हाला राग आहे.” तो तिच्या ओठांकडे बघत होता, पण ते थरथरत होते आणि त्याला वाचता आले नाहीत. घारीने त्याच्यासमोर उभं राहून ते वाक्य पुन्हा सांगितलं. त्यावर तो जो रडला, तसं रडताना घारीने त्याला त्याच्या आईच्या मरणातही पाहिलं नव्हतं.

मुलीने महिनाभर सुट्टी वाढवून घेतली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून उजव्या कानाला यंत्र बसवलं. म्हणाल्या, घरच्यांना सगळ्यांत शेवटी कळतं, त्यात तुमची एकटीची चूक नाही. घारीचं त्याने समाधान झालं नाही.

यंत्र लावून तो घरी आला तेव्हा तिने मुद्दाम मागे उभं राहून विचारलं, “चहा टाकू?”

तो गर्रकन वळला. डोळे विस्फारून तिच्याकडे बघतच राहिला.

“काय झालं?”

“तुझा आवाज,” तो म्हणाला. “असा कधी झाला? म्हातारीसारखा?”

दोन वर्षं त्याच्या डोक्यात तिचा जुना, भरदार आवाज बोलत होता. ती बोलायची नव्या आवाजात, तो ऐकायचा जुना. घारीला हसावं की रडावं कळेना. “यंत्राने तसा येत असेल,” ती म्हणाली. पण दोघांनाही ठाऊक होतं, तेवढंच कारण नव्हतं.

महिना संपला. सोमवारी सकाळी मुलगी बाळाला घेऊन आली. तिचा पाय निघत नव्हता. बाळ झोपलं होतं, नवरा स्वयंपाकघरात नळाखाली वाटी धूत होता. घारीने तोंडावर बोट ठेवून मुलीला गप्प केलं, आतल्या खोलीत गेली, पाळण्यापासून दूर कोपऱ्यात उभी राहिली आणि बाळासारखी बारीक, अगदी बारीक कुरकुरली.

नळ बंद झाला. ओल्या हातांनी, पाणी सांडत, तो दारात आला. आधी पाळण्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या बायकोकडे.

“पाहुणी होय?” तो म्हणाला. “पकडली. आता निघा दोघी, उशीर होतोय.”

मुलीने पर्स खांद्याला लावली.