टाकी सुस्थितीत आहे

ती डिझेलची टाकी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यांतला हा एकच मी कधी कुणाला खरा सांगितला नव्हता.

कनेरगाव नाक्याच्या पुढे एका रस्ता-कंत्राटदाराचा तळ होता. तिथं जमिनीवर ठेवलेली आडवी लोखंडी टाकी, भोवती कमरेएवढी भिंत. टाकी उन्हानं तापू नये म्हणून भिंतीच्या आत, टाकीच्या निम्म्या पोटापर्यंत वाळू भरलेली. राखणीला गावातलेच एक मामा होते. सकाळ-संध्याकाळ टाकीत काठी बुडवून पातळी बघणं हे त्यांचं काम.

खबर मुकादमानं दिली. "काठी रोज बोटभर उतरून राहिली, साहेब. किल्ली मामाशिवाय कोणाजवळ न्हाई."

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. सोबत आमचे जमादार. त्यांच्याबद्दल आता स्पष्टच लिहितो: मी त्यांच्यावर जळत होतो. लोक ठाण्यात येत, माझ्या टेबलावरून पुढे जात आणि विचारत, "जमादार हायेत का?" खांद्यावर तारे माझ्या आणि नमस्कार त्यांना.

पंचनामा मी खुर्चीत बसून सांगितला, जमादार लिहीत होते. "टाकी सुस्थितीत आहे" हे वाक्य सवयीनं तोंडात आलं. त्यांचं पेन थांबलं.

"साहेब, वाळू उकरून बूड बघू. न्हाई तं झाकणाला अन् तोटीला लाखेचं सील मारू, दोन दिवस वापर बंद. सील शाबूत राहून काठी उतरली, तं चोर मामा न्हाई, टाकी हाय."

ऐकताक्षणीच मला ते पटलं. पटलं म्हणूनच मी म्हणालो, "जमादार, इंजिनिअर कधी झालात?" पंच हसले. जवळा बाजार या गावी बंदोबस्तासाठी आमच्या ठाण्याकडून माणूस मागितला होता. मी जमादारांचं नाव दिलं.

मामांना गावच्या चौकातून, सगळ्यांदेखत जीपमध्ये बसवलं. तीन दिवस सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं.

"डिझेल कुणाला दिलं?"

"कोणालेच न्हाई, साहेब."

"मग काय काठी खोटं बोलते?"

"काठी खोटं बोलत न्हाई. मी बी न्हाई."

खोटं बोलणारा दरवेळी नवं काहीतरी जोडतो. मामांचं उत्तर तीन दिवसांत एका शब्दानं बदललं नाही. मला ते दिसत होतं, तरी मी विचारत राहिलो. तेवढ्यात कंत्राटदारानं त्यांना कामावरून काढलं.

चौथ्या दिवशी तळाच्या उताराला शेत असलेला एक शेतकरी आला. "जमादार हायेत का?" नाहीत म्हटल्यावर परत निघाला. मीच त्याला थांबवलं.

"काय सांगावं, साहेब. हिरीच्या पाण्याला रॉकेलावानी वास येऊन राहिला. बैल तोंड लावंना."

तळावर जाऊन वाळू उपसायला लावली. बूड गंजलेलं, डिझेल थेंबथेंब गळत होतं. खाली फरशीच नव्हती, सगळं मातीत मुरत होतं. अहवालात मी लिहिलं, 'तपासी अधिकाऱ्यास संशय आल्याने वाळू उपसली.' जमादारांचं नाव कुठंच नाही. मला प्रशंसापत्र मिळालं. जमादार परतले, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "अभिनंदन, साहेब. मामाच्या घरी जाऊन तेवढं सांगा पण."

मी गेलो नाही. पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मागच्या पोळ्यानंतर एकदाचा गेलो. मामा अंगणात खाट विणत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, हातातली दोरी सोडली नाही.

"हे मला काहून सांगून राहिले? मला ठावंच होतं. जीपमधी चौकातून बसवलं ना? मंग चौकातच सांगा."

पानटपरीजवळ दहा-बारा जण होते. सगळं सांगितलं, जमादारांचं बोलणंही. मामा बाजूला उभे होते. एक म्हातारबा म्हणाले, "मामा चोर न्हाई, हे आमाला म्हाईतच होतं. पर ते जमादार आता कुठं असतात? लई भला माणूस."

डोळ्यांनी बघितलं तेवढंच पंचनाम्यात लिहावं, हे मी त्या टाकीपाशी शिकलो. म्हणून हेही लिहितो: तो प्रश्न ऐकताच तेच जुनं जळणं पुन्हा उठलं. मी खिशातून कागद काढला, जमादारांचा पत्ता लिहिला आणि म्हातारबांच्या हातात दिला.