खालांचा दोल्मा आणि आमच्या आई

मी उत्साही बाई आहे. नवरा याला आजार म्हणतो. ट्रॉयमधल्या आमच्या कम्युनिटी हॉलच्या बोर्डावर नवा कागद लागला की मी थांबते, आणि थांबले की नाव देऊन येते. मिशिगनच्या हिवाळ्यात दुसरं करायचं तरी काय? बर्फ ढकलायचा, ऑफिसच्या मीटिंगा उरकायच्या आणि पुन्हा बर्फ ढकलायचा. म्हणून 'अरबी वारसा, दर मंगळवारी संध्याकाळी, सगळ्यांना खुला' असं वाचलं तेव्हा मी मागचापुढचा विचार केला नाही. डेट्रॉईटच्या आसपास इतकी वर्षं काढली आणि अरबी लोकांशी माझा संबंध काय, तर दुकानातले ऑलिव्ह आणि गरम पिटा. हे काही खरं नाही, असं वाटलं.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं होतं. मी त्यांना आईच म्हणते. साताऱ्यात या बाईंचा आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जायचा. माझ्या पोळ्या, माझं नागपुरी तिखट, माझं मोठ्याने हसणं, सगळ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं ताशेरे ओढले. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. इथे आल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. दिवसभर खिडकीपाशी बसायच्या. एकदा मी आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं, तर म्हणाल्या, "चांगली झालीय." त्या दिवशी मी खरी घाबरले.

मग एका रविवारी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "एप्रिलात मला परत पाठव. एकेरी तिकीट काढ. इथे माझं काय काम आहे?"

नवरा म्हणाला, "अगं आई, काम कशाला पाहिजे तुला? तू फक्त रिलॅक्स कर ना."

हा माणूस हुशार इंजिनियर आहे, पण नको ते नेमकं नको त्या वेळी बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. साताऱ्याच्या फ्लॅटला कुलूप होतं. तिथे त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. तरी त्या जाणार होत्या, आणि त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. सासू राहावी म्हणून सुनेचा जीव खालीवर होतोय, हे नागपूरला माझ्या आईला कळलं असतं तर तिने आधी माझा ताप बघितला असता.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना काही विचारलंच नाही. "कोट घाला, जायचंय," एवढंच म्हटलं.

त्या हॉलचा मला पहिल्याच दिवशी नाद लागला. एका टेबलावर बोरूने अक्षरं गिरवणं चाललेलं, आणि त्या अक्षरांची वळणं अशी की शाई वाळेपर्यंत नजर हलू नये. मोकळ्या जागेत तरुण मुलंमुली एकमेकांचे हात धरून रांगेत पाय आपटत होती. त्या नाचाला दबके म्हणतात. पायांचा दणका असा की कॉफीचे कप टेबलावर थरथरत होते. लेबनॉनचे, येमेनचे, सीरियाचे लोक होते, शिवाय समोरच्या गल्लीतले गोरे आजोबा होते आणि आम्ही दोघी. नियम एकच होता: नुसतं बसून बघायचं नाही. दारातून आत आलं की हाताला काम मिळायचं, मग तुम्ही कुठले का असेना.

स्वयंपाकघर खालाच्या ताब्यात होतं. खाला म्हणजे मावशी. सगळे त्यांना तेच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. त्या इराकमधल्या मोसुलच्या. वय सत्तरीच्या पुढे, उंची आमच्या फ्रीजच्या हँडलइतकी आणि हुकमत फौजदाराची. त्यांनी आईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कांद्यांची टोपली त्यांच्या पुढ्यात सरकवली.

मी घाईघाईने म्हटलं, "शी इज अ गेस्ट."

खाला म्हणाल्या, "गेस्ट ॲट होम. हियर, अनियन."

आईंनी सुरी उचलली. त्या कांदा चिरायला लागल्या तशी खालांनी मागून खुर्ची ढकलली आणि म्हणाल्या, "कुर्सी." आई बसल्या. थोड्या वेळाने हात धुताना खालांनी बोट दाखवलं, "साबून." आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच बोलतायत." मला तर नाचावंसं वाटलं. गाडीत बसेपर्यंत मी हवा, दुनिया, दुकान, अक्कल अशी त्यांच्या-आपल्या दोघांकडची अरबी शब्दांची माळच लावली. आई मात्र पुन्हा गप्प होत्या.

तरी दर मंगळवारी त्या कोट घालून तयार असायच्या. जायच्या, कांदे चिरायच्या, काही न बोलता परत यायच्या. मला वाटायचं, आता सुधारतंय. मग घरी आल्यावर त्या मुलाला विचारायच्या, "तिकिटाचं काय झालं?" आणि माझं विमान खाली यायचं.

मार्चमध्ये हॉलवर मोठा कार्यक्रम ठरला. शनिवारी दुपारी, गावाला आमंत्रण. नाच, अक्षरं, कॉफी, आणि मुख्य म्हणजे खालांचा दोल्मा. द्राक्षाची पानं, कांद्याच्या पाकळ्या, मिरच्या, सगळ्यात तांदळाचं आंबट सारण भरायचं, मोठ्या पातेल्यात थरावर थर रचायचे आणि शिजल्यावर ते पातेलं सगळ्यांच्या देखत परातीत उपडं करायचं. एक पातेलं मटणाचं आणि एक बिनमटणाचं. दुसरं खास आईंसाठी, हे खालांनी कोणाला सांगितलं नाही, पण मला कळलं. इकडे नवऱ्याने तिकीट शोधून ठेवलं होतं. रविवारी काढायचं होतं. माझ्या हातात तो एक शनिवार उरला होता.

त्या सकाळी खालांनी सारणासाठी चिंच भिजत घातली. "तमर हिंदी," त्या म्हणाल्या, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. वाटीतल्या कोळाचा वास आईंच्या नाकापर्यंत पोचला आणि त्या ताठ बसल्या. तेवढ्यात बाहेरून खालांना हाक आली. खुर्च्या कमी पडत होत्या आणि खालांशिवाय त्या गावात कोणाला खुर्च्या मांडता येत नसाव्यात. जाताना त्यांनी बिनमटणाचं रिकामं पातेलं आईंपुढे ठेवलं, पानांचा गठ्ठा दाखवला, करंगळी उंचावून दाखवली. म्हणजे एकेका पानाची करंगळीएवढी गुंडाळी करून तळाला रच. मीही खुर्च्यांमागे पळाले, कारण मला सगळीकडे असायचं असतं.

परत आलो तेव्हा तळ झाकला गेला होता आणि त्यावर आईंनी भरलेल्या कांद्यांचा थर नीट रचला होता. खालांनी मान डोलावली. वरचे थर घातले, चिंचेचं पाणी ओतलं, वर ताटली दाबून ठेवली आणि पातेलं गॅसवर चढवलं.

दुपारी हॉल असा भरला की भिंतीला टेकायलाही जागा नव्हती. शाळेच्या बाई आल्या, फायर स्टेशनची माणसं आली, आमच्या महाराष्ट्र मंडळातली दोन-तीन कुटुंबं मी अक्षरशः ओढून आणली. दबक्याच्या रांगेत माझी मुलगीही घुसली आणि लांबूनच ओरडली, "मॉम, आय गॉट द स्टेप!" मला सगळं एकाच वेळी बघायचं होतं. मटणाचं पातेलं उलटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं आलं. दोन धडधाकट पोरांनी पातेल्यावर परात धरली, खालांनी काहीतरी पुटपुटून इशारा केला, आणि पातेलं उपडं झालं.

खालांनी पातेलं वर उचललं. वाफ विरली. तळातला थर आता सगळ्यांत वर होता, आणि तिथे करंगळ्या नव्हत्या. तिथे पांढऱ्या दोऱ्याने गच्च बांधलेली चार लाटणी होती.

मी बघताक्षणी ओळखलं. आईंनी अळूवडी केली होती. पानावर सारण फासून, त्यावर दुसरं पान, त्यावर तिसरं, मग घट्ट वळकटी आणि पर्समधला शिवणाचा दोरा. चिंचेचा कोळ आणि हिरवी पानं समोर आल्यावर साताऱ्याच्या बाईचा हात दुसरं करणार तरी काय? पण हे कळूनही माझी पाचावर धारण बसली. एका लहान मुलीने विचारलं, "इज दॅट अ बुरिटो?"

खालांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हू?"

आईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

खालांनी आपल्या कपाळावर बोट आपटलं आणि अरबीत तोंडाचा जो पट्टा सुरू केला, त्यात मला फक्त 'अक्ल' कळला. आईंनाही तो कळला. मी पुढे होऊन माफी मागणार, एवढ्यात आई माझ्या बाजूने पुढे गेल्या. त्यांनी टेबलावरची सुरी घेतली, दोरा कापला आणि वळकटीच्या चकत्या केल्या. आत तांदळाची आणि पानांची गोल गोल वेटोळी निघाली, इतकी देखणी की फायर स्टेशनवाल्याने फोन काढला. आईंनी पहिली चकती खालांच्या तोंडासमोर धरली.

खालांनी ती खाल्ली. सावकाश चावली. "राइस इनसाइड, रॉ," त्या म्हणाल्या.

मी भाषांतर करायच्या आत आई कडाडल्या, "कच्चा? कच्चा कुठेय? दाणा मोकळा आहे! आणि डाळीचं पीठ दिलं असतंत तर वळकटी फुटलीही नसती कुठे. पीठ नाही, गूळ नाही, आणि वर माझीच अक्कल काढता?"

मी भाषांतरात 'फ्लाउर'पर्यंत पोचले आणि खाला उसळल्या, "नो फ्लाउर इन दोल्मा!"

"मग पान धरणार कशाने?"

मी मधे उभी राहून दोन्हीकडचं भाषांतर करायचा प्रयत्न केला. कोणाला नको होतं. खालांचा हात हवेत, आईंची सुरी हवेत, आणि आईंचा तो आवाज, शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जाणारा, ट्रॉयच्या हॉलमध्ये घुमत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गर्दीतून माझ्यापाशी आला आणि कानात म्हणाला, "यार, आई भांडतेय." एवढा आनंदी मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. चारही वळकट्या मधल्या कच्च्या भातासकट संपल्या.

लोक गेल्यावर आम्ही तिघी भांडी घासायला उभ्या राहिलो. खालांनी मला विचारलं, पुढच्या मंगळवारी ही ते पीठ घेऊन येईल का. मी सांगितलं, पुढचे थोडेच मंगळवार आहेत, एप्रिलात त्या भारतात जाणार, कायमच्या. तिथे त्यांचं घर आहे.

खाला म्हणाल्या, घर आहे तर जायलाच हवं. त्यांचं मोसुलचं घर पडलं. भाचा जाऊन बघून आला, त्याला गल्लीसुद्धा ओळखू आली नाही. हे त्यांनी पातेल्याकडे बघतच सांगितलं आणि तळ पुन्हा घासायला घेतला. तो मघाच स्वच्छ झाला होता.

"काय म्हणाली?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. आईंनी खालांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, विसळलं आणि पुसायला लागल्या. मी परात घासायला घेतली.

घरी पोचलो तेव्हा नवरा आमच्या आधी येऊन लॅपटॉप उघडून बसला होता. त्याचा चेहरा पडलेला. "आई, एप्रिलचं मिळतंय. एकेरी. उद्या कशाला, आत्ताच बुक करू का?"

आई दारातल्या बाकावर बसून बूट काढत होत्या. एक बूट निघत नव्हता, त्याच्याशी झटापट चालली होती.

"जायचं-यायचं काढ," त्या म्हणाल्या. "फ्लॅटचं काय ते बघते आणि महिन्याभरात येते. बाकीच्या सगळ्या तिच्यापुढे माना खाली घालतात रे. मी नसले तर ती बिचारी भांडणार कोणाशी?"