दिगूची खोड

फुटबॉलवर मी जन्मभर इतकं बोललोय, की डिचोलीच्या बाजारात माझ्या हार्डवेअरच्या दुकानात माणूस बिजागरी घ्यायला आला तरी टीम कशी लावावी हे ऐकूनच परत जातो. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोच कुठे चुकला — विचारा, सांगतो. न विचारता जास्त सांगतो. पण एक गोष्ट या तोंडातून आजवर निघालेली नाही. निघेल असं वाटलं की मी विषय बदलतो, आणि लोक म्हणतात, आज शेटचं डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या सर्वणला भात कापून झालं की मळ्यात गोलपोस्ट उभे राहतात, गावागावांची टूर्नामेंट होते. खाणी चालू होत्या तेव्हा आमचा लेफ्ट बॅक होता दिगू. माझ्याच वर्गातला, सुर्ल्याच्या खाणीवर मशिनी दुरुस्त करायचा. दम भरपूर, उंच चेंडूला डोकं लावायला न घाबरणारा. पण उजव्या पायाचा. उजव्या पायाचा माणूस डावीकडे खेळवला तर काय होतं? चेंडू आला की तो रेषेकडे जात नाही. उजव्या पायावर घ्यायला मैदानाच्या आत वळतो. दिगू दर वेळी वळायचा. गावात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं. त्याचा केवढा गर्व होता मला!

फायनलच्या आधी देवळाच्या मंडपात टीम ठरत होती. मी म्हटलं, दिगूला मधे घ्या, डावीकडे डाव्या पायाचा पोर खेळवा. आमचे कोच म्हणजे शाळेतले पीटीचे मास्तर. ते म्हणाले, "शेट, तू खिळे वीक. टीम म्हजेर सोड." सगळे हसले. दिगूही हसला — बाकीचे हसले म्हणून हसला असेल, तेवढंच. पण ते हसू माझ्या घशाखाली उतरेना.

त्याच आठवड्यात सुर्ल्याच्या टीमचा फॉरवर्ड दुकानात आला. खनिजाचा ट्रक चालवायचा, ताडपत्री बांधायला दोरी हवी होती. फायनल त्यांच्याशीच. दोरी मापता मापता गप्पा निघाल्या. त्याने मला काही विचारलं का? — हे नीट लिहितो, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्याला विचारायला लावत आलोय. त्याने विचारलं नाही. मीच म्हणालो, आमच्या लेफ्ट बॅकच्या अंगावर धावू नको. आतल्या बाजूला नुसता उभा राहा. तो आपणहून चेंडू तुला आणून देईल.

का सांगितलं? वैर नव्हतं. लोभ नव्हता. मला फक्त बरोबर ठरायचं होतं. गाव हरलं तरी चालेल, पण माझं म्हणणं खरं झालं पाहिजे — असं कोणी करतं का? मी केलं.

फायनलला बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. हाफटाइमपर्यंत गोल नाही. मग आमच्या गोलकीपरने चेंडू दिगूकडे फेकला. फॉरवर्ड धावला नाही. आत उभा राहिला. दिगू वळला — आणि गोल. थोड्या वेळाने पुन्हा तसाच चेंडू, पुन्हा तसाच वळला, पुन्हा गोल. रोजच्या उंबऱ्याला ठेच लागल्यावर माणूस जसा खाली बघतो, तसा तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. आणि बांधावर सगळ्यात आधी कोण ओरडलं? "सांगितलं नव्हतं?" — मीच.

हरलो ते हरलो, लोक विसरले असते. पण दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. तो फॉरवर्ड दोन्ही वेळा बरोबर तिथेच कसा उभा? त्याला कोणी सांगितलं? दिगू त्याच खाणीवर कामाला, कधीमधी त्याच्याच ट्रकमधून घरी यायचा. झालं. दिगू फुटला, असं गाव बोलू लागलं.

मग मास्तर दुकानात आले. मला खिळे विकायला सांगणारे मास्तर — पण त्या दिवशी आवाज खाली होता. म्हणाले, शेट, तुला खेळ कळतो. तू सांग, दिगूने मुद्दाम केलं असेल?

'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? मी तराजूत खिळे टाकत राहिलो आणि म्हणालो, "कोण जाणे."

मास्तरांनी त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला. ते तसाच घेणार, हे मला बोलतानाच माहीत होतं.

दिगूला टीममधून कोणी काढलं नाही. बोलावलं नाही, इतकंच. सुरुवातीला तो बूट घेऊन मळ्याच्या कडेला बसायचा, मग येईनासा झाला. आणि मला सिलेक्शन कमिटीवर घेतलं. आज लहान पोरांना मी दोन्ही पायांनी खेळायला शिकवतो, टीम जिंकते, लोक म्हणतात शेटची नजर बघा. खाणी बंद पडल्यावर तो फॉरवर्ड ट्रक विकून कुठे गेला ठाऊक नाही. म्हणजे हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. टीव्हीवर कुठल्याही देशाचा लेफ्ट बॅक आत वळला की मी चॅनल बदलतो. मळ्यात दिगू वळला त्या, देवळाकडच्या कोपऱ्यात मी उभा राहत नाही. मॅच नसली तरी तिथे कोणीतरी चेंडू घेऊन वळताना दिसतं. भीती वाटते हो, खरंच वाटते.

परवा दिगू दुकानात आला. केस पिकलेत. बरोबर त्याची मुलगी, शाळेच्या टीमचा ड्रेस घातलेली. लेफ्ट बॅक खेळते. उजव्या पायाची, बापासारखीच आत वळते.

"शेट," दिगू म्हणाला, "म्हजी खोड तुका तेन्नाच कळिल्ली. सगळ्यांक तुवें सांगली. म्हाकाच कोणें सांगूंक ना. हिका तरी सांग."

त्याच्या आवाजात राग नव्हता. गाव काय बोललं ते त्याला ठाऊक आहे, आणि तरी त्याला वाटतं, चूक त्याच्या पायाची. खरंच, मी मंडपात सांगितलं, बाजारात सांगितलं, समोरच्या टीमला सांगितलं. दिगूला बाजूला घेऊन का नाही सांगितलं? दोन आठवड्यांच्या सरावात त्याने ती खोड मोडली असती.

दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या स्कूटर बाजूला करून मी त्या मुलीला दाखवलं — पहिलाच टच डाव्या पायाने, रेषेकडे. पोर हुशार, लगेच जमलं तिला. दिगू कौतुकाने बघत उभा होता.

"देव बरें करूं," म्हणाला, आणि तिला स्कूटरवर मागे बसवून गेला.

मुलीला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.