रांगोळीतलं औषध

आम्रपाली वाघमारेला चिनी येतं म्हटलं की जखिणवाडीच्या पारावर हशा पिकायचा. बालवाडीची बाई, शाळा सातवीपर्यंत, गावं बघितली ती कराड नि सांगली. हिला कुठलं चिनी?

पण शिकायला कुणाच्या परवानगीचा कागद लागत नाही. कराडच्या रद्दीवाल्याकडं तिला एक फाटकं पुस्तक घावलं होतं. डावीकडं चिनी अक्षर, मधे इंग्रजी लिपीत उच्चार, उजवीकडं इंग्रजी अर्थ. इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन ती अर्थ लावायची आणि रोज सकाळी विहारापुढं रांगोळीनं एक अक्षर काढायची. 水, श्वेइ, वॉटर, म्हणजे पाणी. पहिला आठवडाभर हाताच्या सवयीनं प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तिनं आडवी रेघ ओढली. चूक ध्यानात आल्यावर स्वतःवरच भडकली आणि सगळी अक्षरं पुन्हा गिरवली.

जीपवाला नानासो येता-जाता डिवचायचा. "बाई, चीनला नांदायला निघालाय व्हय?"

"तिकडनं भिक्खू चालत आलं, आपली भाषा शिकून गेलं. मला बसल्या जागी चार अक्षरं येऊ नयेत? तुमच्या जीपचं डिझेल जाळत न्हाई मी!"

तरी एक सल होताच. खरा चिनी माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं आपण भलतंच तर गिरवत नाही ना?

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सिंगापूरच्या चिनी बौद्ध मंडळींची बस आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याला लागली. लेण्यापुढं स्वागताची रांगोळी काढायची म्हणून आम्रपाली डबा घेऊन निघाली. गंमत बघायला नानासोही मागं. मंडळी गाइडबरोबर भराभरा वर गेली. अर्ध्या वाटेत एक म्हातारी भिक्खुणी मात्र पायरीवर बसलेली. हात छातीवर, ओठ पांढरे, कपाळावर घाम.

"उचला, जीपमधी घालू, कराडला नेऊ!" नानासो पुढं झाला. म्हातारीनं त्याचा हात झटकला आणि काहीतरी पुटपुटली.

आम्रपालीनं धीर करून विचारलं, "याओ? याओ?" याओ म्हणजे औषध. म्हातारीनं कपाळाला आठ्या घालून कान पुढं केला.

"झालं! तीन वर्षांचं चिनी ऱ्हायलं पुस्तकात!" नानासोनं टोमणा मारला.

"तोंड मिटा!" आम्रपाली कडाडली. तिची जीभ कच्ची असेल, हात कच्चा नव्हता. ती गुडघ्यावर बसली, डब्यातली चिमूट उचलली आणि पायरीवर काढलं: 药.

म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिनं जोरात होकाराची मान हलवली. बोटानं शेजारच्या धुळीत लिहिलं: 车. त्याच्याखाली: 红. मग खांद्याला पिशवी अडकवल्यासारखा हात करून दाखवला.

गाडी. लाल. दोन्ही आम्रपालीनं विहारापुढं शंभरदा काढलेली.

"नानासो, बसमधली लाल पिशवी! पळा!"

जन्मात पहिल्यांदा नानासो तिच्या एका शब्दावर पळाला. धापा टाकत पिशवी घेऊन आला. म्हातारीनं आतली बारकी बाटली काढली, गोळी जिभेखाली ठेवली. आम्रपालीनं तिचा हात धरला. थंडगार होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण बोटांना ऊब आली, ओठांवर रंग चढला, आणि म्हातारी चक्क हसली. तेव्हा कुठं आम्रपालीनं श्वास सोडला, आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं.

म्हातारीनं 药वर बोट ठेवलं आणि आवाज वरनं खाली सोडत म्हणाली, "याओ." मघाशी विचारताना आम्रपालीनं सूर वर चढवला होता, आणि चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. आम्रपालीनं तसंच म्हटलं. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं तिच्या पाठीवर थाप मारली.

एवढ्यात मंडळी दडदडत खाली यायला लागली. नानासो दोन्ही हात पसरून पायरीपुढं आडवा उभा राहिला.

"आवं, बाजूनं! बाजूनं जावा की! बाईंच्या अक्षरावर पाय द्यायचा न्हाई!"