बांबू आणि बदामाची पानं

थंडी सरताना आमच्या सोसायटीतला देशी बदाम लालबुंद होतो आणि कितीतरी दिवस पानं गाळत राहतो. गाड्यांवर पडलेली पानं आम्हाला खपत नाहीत. म्हणून एका रविवारी लांब बांबूने सगळी एकदम पाडून घ्यायची पद्धत आहे. आजही बांबू चालला होता आणि मी गॅलरीत चहा घेत बघत होतो. पिकलेली पानं नुसत्या धक्क्याने सुटत होती. अर्धी हिरवी मात्र फांदीला धरून राहत, मग त्यांना हाणावं लागे.

जुन्या ग्रीसमधले स्टोइक तत्त्वज्ञ सांगत, निसर्गाशी जुळवून जगा. वाचताना मला ते सोपं वाटायचं. ऊन तर ऊन, पाऊस तर पाऊस. पण जाणाऱ्याला त्याच्या वेळेला जाऊ देणं हेही त्यातच आलं, आणि ते काही आपल्याला जमत नाही. झाडाच्या बाबतीत आपल्याला घाई असते, माणसाला मात्र आपण अडवून धरतो.

शेजारच्या गॅलरीत सुलभाकाकू येऊन उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात काका गेले, दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या घातलेल्या असताना.

"शेवटपर्यंत घरी न्या म्हणत होते रे," काकू खाली बघत म्हणाल्या. "मीच म्हटलं, अजून थोडं बघू."

खाली बांबू पुन्हा वर गेला. काकू एकदम कठड्यावरून वाकल्या आणि ओरडल्या, "अरे, राहू दे ना! पडतील त्यांची ती."