पथ्य बापाचं

कारल्याच्या रसाचा हिरवा, कडवट दर्प सकाळी सकाळी सारसोळ्यातल्या आमच्या घरातून बाहेर दरवळला, की शेजारणी खिडकीतून हळूच विचारीत, "काय गं, कितवा महिना?" त्यांचं तरी काय चुकत होतं? इतक्या निगुतीची जपणूक गर्भवतीखेरीज कुणाच्या वाट्याला येते? पण तो रस माझ्यासाठी नव्हताच. तो होता माझ्या पतिराजांसाठी, महेशसाठी!

त्याच्या आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. दुःख ओसरण्याआधीच घरात त्याची कारणमीमांसा सुरू झाली. सासूबाईंच्या मते मी पपई खाल्ली होती. नणंदेच्या मते मी शाळेचे जिने फार चढले होते. ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिला लिफ्ट नाही, हाही माझाच अपराध ठरला. ऐकून ऐकून हळूहळू मलाही ती पपई आठवू लागली, जी मी कधी खाल्लीच नव्हती.

पुन्हा मूल हवं म्हणून आम्ही नेरुळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला विचारायचं ते सगळं विचारलं आणि मग मान वळवली ती थेट छताचा पंखा न्याहाळणाऱ्या महेशकडे.

"आणि तुमची तब्येत कशी आहे?"

"माझी? मी नुसता सोबत आलोय."

या निरागस उत्तराच्या वेळीही त्याच्या गालात तंबाखू होती! तपासण्या झाल्या. साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला. आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर खुर्चीत बसून कमावलेलं पोट तर तपासणीविनाच दिसत होतं.

"बापाची साखर, तंबाखू, वजन यांचाही परिणाम गर्भावर होऊ शकतो," बाई म्हणाल्या. "पुरुषाचं बीज तयार व्हायला काही महिने लागतात. तेव्हा आत्तापासूनच सुरुवात करा. मागच्या वेळी तसं का झालं, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. दोष हिला देऊ नका, स्वतःलाही नको."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रडू आवरण्याचा तो एकच मार्ग होता.

घरी सासूबाई कडाडल्या, "माझ्या पोराला काय झालंय? चांगला दांडगा हाय तो!" पण त्या रात्रभर तळमळल्या असाव्यात. सकाळी चुलीपाशी मला हळूच म्हणाल्या, "डाक्टरनी खरंच त्याला इचारलं?" मी हो म्हटलं. त्या क्षणापासून पोराचा ताबा त्यांनी घेतला.

काय त्या पुरुषाचे हाल! पिढ्यान्‌पिढ्या मासे तळणाऱ्या कोळ्याच्या घरात त्याच्यापुढे वाफवलेलं पापलेट आलं. तंबाखूच्या पुड्या खिशाखिशातून जप्त झाल्या. संध्याकाळी खाडीकाठी तो चालू लागे आणि मागून मातोश्रींचा आवाज येई, "पाय उचल! तुझी बायको परवडली!" बाजारातले सोबती त्याचा डबा उघडून विचारीत, "भाऊ, डोहाळजेवण कधी?" तो चिडे, तंबाखूवाचून भिंतीला डोकं टेकून बसे. एकदा पुडी घेऊन आला, उंबऱ्यात थबकला, आणि ती माझ्या हातात देऊन आत गेला. त्या पुडीएवढी सुंदर भेट मला लग्नातही मिळाली नव्हती!

पुढे मला दिवस राहिले. भीती गेली नाही. बाळ पोटात हललं नाही की महेशला घाम फुटे. पण दिवस भरले आणि मुलगी झाली, ठणठणीत, गावभर ऐकू जाईल अशा आवाजाची. पथ्यामुळेच का, असं महेशनं मोठ्या आशेनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "तसं छातीठोक नाही सांगता येणार. पण मुलीला बाप धडधाकट मिळाला ना?"

परवा लसीच्या रांगेत आमच्यापुढे एक बाई सुनेला टाकून बोलत होत्या: हिनं नीट खाल्लं नाही, हिनंच हयगय केली, म्हणून मागचं मूल गेलं. सून खाली पाहत होती. लस टोचायला आणलेलं तान्हं कुशीत असूनही ती रिकाम्या हातांची वाटत होती. मी काही बोलणार, तोच आमच्या सासूबाई नात खांद्यावर सावरत पुढे सरकल्या.

"बाय, सुनेला काय बोलतेस?" त्या म्हणाल्या. "पोराची साखर तपासलीस का कधी?"

सुनेनं मान वर केली.